घरी बडबड, शाळेत एक शब्द नाही: पहिलीतल्या एका मुलीची केस

ही केस आईवडिलांची परवानगी घेऊन लिहितेय. मुलीला इथे सई म्हणूया, खरं नाव वेगळं आहे, आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदललेत. लिहायचं कारण असं की सिलेक्टिव्ह म्युटिझमची (घरी मोकळं बोलणारी, पण शाळेत किंवा परक्यांसमोर बोलूच न शकणारी) मुलं आमच्यापर्यंत पोचतात तोवर दोन-तीन वर्षं सहज गेलेली असतात, आणि त्या सगळ्या काळात घरचे, शाळेतले, पाहुणे, शेजारी सगळे त्या लेकराला "बोल ना गं, बोल ना" करत राहिलेले असतात. मायेनेच करतात सगळे, पण सगळ्यात जास्त अपाय त्यानेच होतो.

पार्श्वभूमी

नाशिकच्या एमआयडीसी पट्ट्यातलं घर. वडील कंपनीत सीएनसी ऑपरेटर, शिफ्ट ड्युटी. आई घरीच शिलाईकाम करते, फॉल-पिको, ब्लाउज. आजी धुळ्याकडच्या, त्यांच्यामुळे घरात निम्मी अहिराणी चालते. एक धाकटा भाऊ. सई २०१८ ची, लॉकडाउनमध्ये नर्सरी हुकली आणि २०२२ च्या जूनमध्ये एकदम ज्युनिअर केजी, तेही इंग्लिश मीडियम. त्याआधी घर, जिना आणि शेजारच्या काकूंचं घर एवढंच तिचं जग होतं.

पहिल्या दिवसापासून ती शाळेत बोलली नाही. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं रुळेल हळूहळू. ज्युनिअर गेलं, सिनियर गेलं, २०२४ च्या जूनमध्ये पहिली सुरू झाली तरी "प्रेझेंट" हा शब्दसुद्धा नाही. अक्षर छान, गणित बरोबर, वही नीटनेटकी, पण विचारलं की मान खाली आणि चेहरा अगदी निर्विकार. घरी मात्र हीच मुलगी भावाला दटावते, टीचर-टीचर खेळते, आख्ख्या वर्गाची हजेरी घेते, कोणी मस्ती केली तेही सांगते. आजींनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, "घरमा पटपट बोलस ना ती!" आणि त्यांच्या आवाजात काळजीबरोबर थोडा रागही होता, कारण दोन वर्षं सगळे त्यांना "तुमची नात हट्टी आहे" असं ऐकवत होते.

आजींनी त्यांच्या परीने सगळं करून झालं होतं. नजर काढली, वणीच्या देवीला नवस बोलल्या, जीभ मोकळी व्हावी म्हणून वेखंड उगाळून चाटवलं. नवसाबद्दल मी काही बोलले नाही, त्याने त्यांना धीर मिळत होता. वेखंड मात्र बंद करायला सांगितलं आणि का ते समजावलं, ते लहान मुलांच्या पोटात जाणं सुरक्षित नाही, आणि सईच्या जिभेत काही दोष नव्हताच.

प्रॉब्लेम नेमका काय होता

शाळेने पाठवलेल्या चिठ्ठीत तीन गोष्टी होत्या. ओरल टेस्ट देत नाही, मग मार्क कसे द्यायचे. "स्लो लर्नर" आहे का बघा. आणि जमत नसेल तर स्पेशल स्कूलचा विचार करा. सिनियर केजीत एका टीचरने तिला "बोलल्याशिवाय बसायचं नाही" म्हणून बाकाजवळ उभं ठेवलं होतं, तेव्हापासून सकाळी पोटात दुखणं सुरू झालं होतं. (शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, हे पालकांना सहसा माहीत नसतं.)

पण मला सगळ्यात जास्त खटकली ती चिठ्ठीत नसलेली गोष्ट. सई शाळेत लघवीला जायचं विचारूच शकत नव्हती. म्हणून पाणी प्यायची नाही, घरी येईपर्यंत धरून ठेवायची, एकदा वर्गात कपडे ओले झाले होते आणि पहिलीत आल्यापासून युरिन इन्फेक्शन पण होऊन गेलं होतं. आईला हे सगळं माहीत होतं, फक्त त्याचा न बोलण्याशी संबंध आहे हे कोणी जोडून सांगितलं नव्हतं.

तपासणी

माझ्यासमोर ती बोलणार नाही हे गृहीतच होतं, म्हणून येतानाच घरचे मोबाइल व्हिडिओ आणायला सांगितले होते, तिच्या नकळत काढलेले, साधे, खेळतानाचे. त्यातून वाक्यरचना, उच्चार, शब्दसंपत्ती सगळं वयाप्रमाणे आहे हे स्पष्ट झालं. ऑडिओमेट्री करून घेतली, ऐकू नीट येतं. बुद्धीची चाचणी बोट दाखवून उत्तर देता येईल अशी घेतली, रेव्हन्सची रंगीत मॅट्रिसेस (नक्षीतला हरवलेला तुकडा ओळखायची चाचणी), आणि त्यात ती छान होती. घरी नजरेला नजर देते, नाटकं करून खेळते, भावाला चिडवते, त्यामुळे ऑटिझमची शंकाही उरली नाही.

एक प्रश्न राहिला, हा फक्त इंग्रजीचा धसका तर नाही? नवीन भाषेत टाकलेली मुलं सुरुवातीला काही महिने गप्प राहतात, ते नॉर्मल आहे. पण सईला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि ती शाळेतल्या मराठी बोलणाऱ्या मावशींशीही बोलत नव्हती, भाजीवाल्याशी नाही, सख्ख्या आत्याच्या नवऱ्याशी नाही. म्हणजे इंग्रजीने भर घातली असेल, पण मूळ दुसरीकडेच होतं.

सिलेक्टिव्ह म्युटिझम हा चिंतेचा म्हणजे अँग्झायटीचा आजार आहे, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या मानसिक आजारांच्या सूचीत, तो त्याच गटात घेतलाय. शंभरात एकापेक्षा कमी मुलांमध्ये दिसतो, साधारण वयाच्या पाच वर्षांच्या आत सुरू होतो आणि शाळेत घातलं की लक्षात येतो. त्या क्षणी मुलाला बोलायचं असतं पण घशातून आवाज निघत नाही, शरीर आखडतं. आणि मग होतं काय, की कोणीतरी प्रश्न विचारतं, मूल गोठतं, दोन सेकंद शांतता, सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं, आणि आई पटकन उत्तर देऊन टाकते. मुलाचा जीव भांड्यात पडतो, आईचाही. असं दिवसातून दहादा झालं की मूल शिकतं, गप्प राहिलं की सुटका होते. यात आईला दोष द्यायला जागाच नाहीये, कुठलीही आई हेच करेल.

हे सांगितल्यावर वडील बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "मॅडम, मी पण असाच होतो. दहावीपर्यंत वर्गात कधी हात वर केला नाही." तोवर ते कोपऱ्यात बसून फक्त हो-नाही करत होते. या वाक्याचा पुढे फार उपयोग झाला.

कुठले पर्याय होते

थांबून बघणं: दोन वर्षं तेच चाललं होतं, आणि सवय जितकी जुनी तितकी ती सोडवणं अवघड, म्हणून हा बाद.

मराठी शाळेत घालणं: वडिलांचा ओढा इकडे होता. यावर आम्ही खूप बोललो, कारण हा पर्याय वाईट नव्हताच. नवीन शाळेत "ही बोलत नाही" असा शिक्का नसतो आणि काही मुलं त्या कोऱ्या सुरुवातीचा फायदा घेऊन बोलायला लागतात. पण तयारी न करता बदलली तर तेच सगळं नवीन जागी सुरू होतं, आणि ती मराठीतही गप्प होती. शेवटी निर्णय ठरला तो वर्गशिक्षिकेवरून. पहिलीच्या टीचरशी मी फोनवर बोलले तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मी काय करू नको ते आधी सांगा." असा माणूस मिळणं दुर्मिळ. ठरलं की दिवाळीपर्यंत इथेच प्रयत्न करायचा, शाळेने साथ दिली नाही तर मात्र शाळा बदलायची, आणि ही मुदत आम्ही लिहून ठेवली, नाहीतर अशा गोष्टी नुसत्या लांबत जातात.

औषध: बालमानसोपचारतज्ज्ञांचं मत घेतलं. काही मुलांना फ्लुओक्सेटीनसारख्या, चिंता कमी करणाऱ्या औषधाची मदत होते, विशेषतः मूल मोठं असेल, बाकी उपायांनी हलत नसेल किंवा घरीसुद्धा बोलणं आटत चाललं असेल तर. सई सहा वर्षांची, घरी मोकळी, आणि नीट उपचार अजून एकदाही झालेले नव्हते. म्हणून आत्ता नको, पण दार उघडं ठेवायचं. आईला औषधाची भीती होती तरी "कधीच नाही" असं मी म्हटलं नाही.

नुसती स्पीच थेरपी: उच्चार नॉर्मल असताना तिचा उपयोग नव्हता. आणि स्पेशल स्कूलचा प्रश्नच नव्हता.

राहिला तो वर्तन-उपचाराचा मार्ग, म्हणजे भीतीला पायरी-पायरीने सरावणं, आणि तोही शाळेतच. माझ्या खोलीत ती माझ्याशी बोलायला शिकली असती तर मला बरं वाटलं असतं, तिला काडीचा फायदा झाला नसता. भीती जिथे आहे तिथेच काम करावं लागतं.

काय काय केलं

पहिल्याच दिवशी लघवीचा प्रश्न सोडवला. तिच्या कंपासमध्ये एक लाल कार्ड, ते बाकावर ठेवलं की टीचरनी नुसती मान हलवायची, आणि मधल्या सुट्टीआधी मावशींनी चार-पाच मुलींना सोबतच घेऊन जायचं म्हणजे सई एकटी वेगळी दिसणार नाही. आठवड्याभरात ती डब्याबरोबर पाणी प्यायला लागली. बोलण्याचं काहीच सुरू झालं नव्हतं तरी सकाळचं पोटदुखणं कमी झालं.

दुसरं, बोलायचा आग्रह पूर्ण बंद, सगळ्यांकडून. घरी, शाळेत, पाहुण्यांसमोर. "आज बोललीस का गं?" हा रोजचा प्रश्न बंद. चॉकलेटची लालूच बंद. आजींना हे फार जड गेलं, त्यांना वाटायचं आपण हार मानतोय. त्यांना मी वेगळं काम दिलं: सईला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, काही विचारायचं नाही, तिच्या हातात पैसे द्यायचे, तिने बोट दाखवायचं आणि वस्तू घ्यायची. आजी रोज संध्याकाळी न चुकता गेल्या.

आईचं प्रशिक्षण हा सगळ्यात नाजूक भाग होता. आधी नुसतं खेळायचं आणि ती काय करतेय ते बोलत राहायचं, प्रश्न नाही. मग प्रश्न विचारायचा तर हो-नाहीचा नको, कारण त्याला मानेने उत्तर देता येतं, "ताक की दूध?" असा दोन पर्यायांचा विचारायचा. विचारून मनात पाच आकडे मोजायचे, तोवर तोंड उघडायचं नाही. पाहुण्याने विचारलं तर आईने तोच प्रश्न सईकडे वळवायचा आणि थांबायचं, नाही आलं उत्तर तर शांतपणे "नंतर सांगेल ती" म्हणायचं आणि विषय पुढे न्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पाच सेकंद लेकराला अवघडलेलं बघत गप्प राहणं आईसाठी किती कठीण असतं ते त्या बाईंनी रडत सांगितलंय मला.

मग शाळा. आमच्याकडे याला स्लायडिंग-इन म्हणतात: मूल ज्याच्याशी मोकळं बोलतं त्याला घेऊन रिकाम्या वर्गात खेळायला बसवायचं, आणि नवीन माणसाला तिथे अगदी हळूहळू आत आणायचं. न्यायचं कोणी, आई की वडील? सगळ्यांनी आईच धरून ठेवली होती. मी वडिलांचं नाव सुचवलं, कारण ते स्वतः कमी बोलणारे, सईच्या वतीने उत्तर द्यायची सवय त्यांना नव्हतीच. आणि योगायोगाने वेळही जुळली. २०२४ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा राज्य सरकारचा आदेश आला होता, त्यामुळे साडेआठला पहिलीचा वर्ग रिकामा असायचा, आणि सेकंड शिफ्टच्या आठवड्यात पप्पा सकाळी मोकळे असायचे.

तर सई आणि पप्पा, दार बंद, सापशिडी. फाशावरचा आकडा मोठ्याने म्हणायचा एवढाच नियम. आकड्यांपासून सुरुवात केली कारण त्यात गप्पा माराव्या लागत नाहीत, काय बोलू हा विचार करावा लागत नाही. पहिल्यांदा त्या खोलीत तिने पप्पांच्या कानाशी "चार" म्हटलं. नंतरच्या खेपेला नेहमीच्या आवाजात. मग टीचर बाहेरच्या पॅसेजमधून नुसत्या गेल्या. मग दार अर्धं उघडं. मग टीचर आत, पण पाठमोऱ्या, वह्या तपासत. टीचर आत आल्या की आवाज खाली जायचा, आणि आमचा नियम होता की आवाज परत पहिल्यासारखा होईपर्यंत पुढची पायरी नाही, मग त्याला कितीही दिवस लागोत. टीचर हळूहळू जवळच्या बाकावर आल्या, मग खेळात तिसरी सोंगटी त्यांची झाली, त्यांनी नुसता स्वतःचा आकडा म्हणायचा, सईकडे बघायचंही नाही. गणपतीच्या सुट्टीनंतर त्यांनी सोंगट्यांकडे बघतच विचारलं, "आता कोणाची टर्न?" आणि सई म्हणाली, "माझी."

इथे एक अडचण आली. शाळेत मराठी बोलायचं नाही असा नियम, आणि प्रिन्सिपल मॅडमना वाटत होतं की सवलत दिली तर इंग्रजी मागे पडेल. मी त्यांना भेटून एवढंच म्हटलं की आधी आवाज येऊ द्या, भाषा नंतर येईल, शून्य शब्दांपेक्षा मराठी शब्द बरे. त्या तयार झाल्या, पण फक्त साडेआठ ते नऊ. तेवढं पुरेसं होतं.

ओरलचं काय करायचं हाही मोठा प्रश्न होता. घरून व्हिडिओ रेकॉर्ड करून दाखवायचे का? शाळेला ते सोयीचं होतं. माझी काळजी अशी की एकदा व्हिडिओ चालतो म्हटलं की तो कायमचा होऊन बसतो, गप्प राहायचा नवीन रस्ताच. म्हणून पहिल्या सत्राला व्हिडिओ, आणि दुसऱ्या सत्राला ओरल साडेआठच्या खोलीत, पप्पा बाहेर, टीचर आत, असं आधीच ठरवून ठेवलं.

मध्ये घसरण

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी हजेरीला सईने अगदी हळू "प्रेझेंट" म्हटलं. टीचरना इतका आनंद झाला की त्यांनी वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या. पन्नास मुलांनी वळून बघितलं. सई रडली नाही, काही केलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून साडेआठच्या खेळातही तिचा आवाज बंद झाला. लगेच दिवाळीची सुट्टी लागली, आणि नंतर पप्पांची फर्स्ट शिफ्ट, त्यामुळे सगळंच थांबलं.

दिवाळीपर्यंतची मुदतही इथेच संपत होती. वडिलांना शाळा बदलायची होती, आई म्हणत होती आता औषधच द्या. दोघांचंही म्हणणं मी उडवून लावलं नाही, आम्ही परत बसलो आणि नोंदी बघितल्या. शाळा सोडून बाकी सगळीकडे आलेख वरच जात होता, दुकानात तिने स्वतःहून "पारले" म्हटलं होतं, आत्याच्या यजमानांशी बोलायला लागली होती. म्हणजे उपचार लागू पडत होता, एका प्रसंगाने भीती परत जागी झाली होती. म्हणून ठरवलं, दोन पायऱ्या मागे जायचं, जानेवारीअखेरीपर्यंत हललं नाही तर औषधाबद्दल परत डॉक्टरांकडे. टीचर फार खजील झाल्या होत्या. त्यांना मी सांगितलं की तुमच्या टाळ्यांत तिच्याबद्दलचं प्रेमच होतं, यापुढे फक्त ती बोलली की जणू रोजचंच आहे असं दाखवून पुढे चला.

फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यांसाठी दुसरी सोय लागली. सईच्याच बिल्डिंगमधली एक वर्गमैत्रीण होती. तिला रविवारी घरी खेळायला बोलवायला लागलो. घरी सई तिच्याशी तिसऱ्या खेपेला बोलली, आणि मग ती मुलगी साडेआठच्या सापशिडीत आली. माझ्या मते या केसमधलं सगळ्यात मोठं वळण हेच. मोठ्या माणसांशी बोलणं आम्ही महिनोन्महिने पायरी-पायरीने बांधलं, पण मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीजवळ कुजबुज सुरू झाली ती या मैत्रिणीमुळे.

निकाल

मार्चअखेर अशी स्थिती होती: टीचरशी एकट्याने हळू पण स्पष्ट आवाजात बोलते, मराठीत जास्त आणि थोडं इंग्रजीत. चार मुलींशी बोलते. लघवीला जायचं तोंडाने विचारते, लाल कार्ड तिने स्वतःच टीचरना परत दिलं. दुसऱ्या सत्राची ओरल दिली. हजेरीला बहुतेक दिवस "प्रेझेंट" येतं. आख्ख्या वर्गासमोर उभं राहून कविता म्हणणं नाही, स्कूल बसच्या काकांशी नाही, प्रिन्सिपलशी नाही. औषध लागलं नाही.

एप्रिलमध्ये, पहिलीच्या टीचर तिथे असतानाच, दुसरीच्या टीचरना साडेआठच्या खेळात आणलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात परत तोच खेळ ठेवला. हे केलं नाही तर नवीन वर्गात सगळं पहिल्यापासून सुरू व्हायची भीती असते. दुसरीत सई पहिल्या पंधरवड्यातच नवीन टीचरशी बोलली.

काय वेगळं करता येईल

मैत्रिणीला सुरुवातीपासून आणायला हवं, मोठ्यांवरचं काम आणि मुलांमधलं काम एकाच वेळी चालू शकतं. शिक्षिकेला "बोलली तर काय करायचं" हे आधीच लिहून द्यायला हवं, कारण आपण सगळे न बोलण्याचीच तयारी करून देतो. शिफ्ट ड्युटीच्या घरात दुसरा माणूस पहिल्या महिन्यातच तयार ठेवायला हवा. आणि बसच्या काकांना आम्ही यादीत शेवटी टाकलं, खरं तर रोज दोनदा भेटणारा माणूस तो, तिथे आधीच सुरुवात करता आली असती. त्यांच्यावर आता काम चालू आहे.

ज्यांच्या गावात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही त्यांच्यासाठी: जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं जिल्हा केंद्र) असतं का ते विचारा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर कधीही फुकट बोलता येतं. पहिल्या भेटीला जाताना मूल घरी मोकळेपणी बोलतानाचे दोन-तीन व्हिडिओ, कानाची तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट, शाळेची वही, आणि मूल कोणाशी, कुठे, किती बोलतं याची साधी यादी घेऊन जा. आणि दारातून आत शिरताना "डॉक्टरांना नाव सांग बेटा" असं म्हणू नका.